सतरा नंबर

यंत्र तसं साधं आहे.
हवेपेक्षा ऊन असं काही हललं
की डोळा उघडतं.
ज्यानं बनवलं तो थंड मुलखातला असावा.
वैशाखात यावलच्या डोंगरात
दुपारी हवाच सेहेचाळीसवर जाते,
दगड हवेहून तापलेला,
आणि अंजनाच्या विरळ सावलीतून
रक्ताचं जनावर गेलं
तरी यंत्राला वाटतं, कोणी नाही.
संध्याकाळी मात्र
गवताच्या एका काडीचे त्यानं
अकराशे फोटो काढले.

सुपडू तडवी पुढे, मी मागे.
त्याच्या खांद्यावर पाणी, माझ्या पाठीवर सेल.
फैजपूरचा दुकानदार मोजता मोजता म्हणाला,
साहेब, जत्रेत पाळणा लावता का?

नऊ नंबरच्या डब्यात मुंग्यांनी अंडी घातलेली.
बारा अस्वलानं चावून पाहिला:
शेवटच्या फोटोत जीभ
आणि जिभेमागचा ओला अंधार.
चौदा चोरीला गेला.
पट्टा तेवढा झाडाला होता,
बकल नीट लावून.

वाघ आला तो सहा नंबरवर.
एकदाच. डावी बाजू.
समोरचा कॅमेरा त्या रात्री मेलेला,
आणि डाव्या पट्ट्यांवरून उजवे काढता येत नाहीत,
हिशेबात दोन्ही लागतात.
त्यात सेल उतरून घड्याळ मागे गेलेलं.
फोटोखाली तारीख: एक जानेवारी दोन हजार,
रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.
मी म्हटलं, हा धरता येणार नाही.
सुपडूनं आकड्यांवरून बोट फिरवलं.
‘बरोबर शे ना भो.
त्या साली व्हता वाघ आठे.’

राहिला सतरा.
नाल्यापलीकडे, मोहाकडे जाणारी वाट.
तेवीस दिवस एकच फोटो: सूत.
उभं आडवं, उभं आडवं,
रात्री राखाडी, दिवसा लाल.
कुणीतरी भिंगावर लुगड्याची चिंधी बांधली होती,
दोन गाठी मारून.

चिंधीच्या आधीचे फोटो
मी खोलीवर एकट्यानं पाहिले.
पहाटे चार वीस. रिकामी टोपली, हात.
चार बावीस. ती आडोशाला बसायला निघालेली,
आणि आडोशाचं झाडच
माझं यंत्र अंगावर बांधून उभं.
चार तेवीस. चेहरा इतका जवळ
की नाकातली चमकी पांढरी जळून गेली.
रागावलेली नव्हती.
पोराच्या डोळ्यात कुसळ गेलं असेल तर
पापणी उलटून बघतात, तशी बघत होती.
चार चोवीस. सूत.

नाव मला कळलं आहे. इथे लिहीत नाही.

पण भिंगाखालची ऊब ओळखणारी काच
तिनं उघडीच ठेवली होती,
तिला काय ठाऊक.
म्हणून तेवीस दिवस
चिंधीपुढून जे जे गेलं
त्याला यंत्र उठून उभं राहिलं.
एकोणिसाव्या रात्री दोन चाळीसला
ओळीनं नऊ वेळा.
काहीतरी मोठं, सावकाश,
थांबलं असेल, वास घेतला असेल.
नऊही फोटोंत सूत.
मी ते मोठे करून पाहिले,
उजेड वाढवून पाहिले,
धागे मोजत बसलो मूर्खासारखा.
तडस असेल. चुकार म्हैस असेल.
नाहीतर वाघाची उजवी बाजू.

टोपलीपासून चमकीपर्यंतचे सगळे पुसले.
अहवालात लिहिलं:
सतरा, तांत्रिक बिघाड.
सुपडूनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
दोर घेऊन तो आधीच वर चढला होता,
जिथे बसायला कुणी जाणार नाही
अशा खडकाला यंत्र बांधायला.

तिथे आजवर आलंय
एक साळिंदर, तेही पाठमोरं.

चिंधी माझ्या पिशवीत आहे.
सेलांवरचा गंज पुसायला बरी पडते.